उद्योजकाची मुलाखत आणि शिक्षकाचा शेरा

उद्योजकाची मुलाखत घेऊन तिचा अहवाल लिहिणे हा वाणिज्य, व्यवस्थापन आणि तंत्रशिक्षण शाखांमधला आता जवळजवळ ठरलेला प्रकल्प झाला आहे. बारावीच्या उद्योजकता विषयात, बी.कॉम. आणि बीबीएच्या वर्गांत, तंत्रनिकेतनांच्या पदविका अभ्यासक्रमात आणि एमबीएच्या पहिल्या वर्षात तो निरनिराळ्या नावांनी येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आल्यापासून त्याचे प्रमाण आणखी वाढले आहे. विद्यार्थी ओळखीतला एखादा व्यावसायिक गाठतो, दहा-पंधरा प्रश्न विचारतो, दुकानाच्या पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेतो आणि अहवाल स्पायरल बाइंडिंग करून जमा करतो. शेवटच्या पानावर शिक्षकांची सही, गुण आणि एका ओळीचा शेरा येतो: ‘छान प्रयत्न’, ‘आणखी सखोल हवे’ किंवा ‘मांडणी सुधारा’.

या एका ओळीवर प्रकल्पाचे बरेचसे फलित अवलंबून असते, आणि ते बहुधा तिथेच वाया जाते. ‘सखोल हवे’ म्हणजे नेमके काय हवे, हे विद्यार्थ्याला त्या शेऱ्यातून कळत नाही. कळले तरी तोवर सबमिशनची तारीख उलटलेली असते आणि उद्योजकाकडे पुन्हा जाण्याचे कारण उरलेले नसते. निबंध, प्रयोगवही किंवा गणिताचा पेपर तपासणे आणि मुलाखतीचा अहवाल तपासणे यांत मोठा फरक आहे. निबंधातली चूक कागदावर असते. मुलाखतीतली चूक बहुतेक वेळा कागदावर येण्यापूर्वी, प्रश्न विचारतानाच होऊन गेलेली असते. म्हणून चांगला शेरा अहवालाच्या भाषेपेक्षा विचारलेल्या आणि न विचारलेल्या प्रश्नांवर जास्त बोलतो.

उद्योजकांचा जवळून अभ्यास करून त्यातून शिक्षण घडवण्याचा प्रयत्न भारतात जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचा ‘द अचीव्हिंग सोसायटी’ हा ग्रंथ 1961 साली प्रसिद्ध झाला. माणसातली कर्तृत्वाची ओढ आर्थिक प्रगतीला कारण होते आणि ती प्रशिक्षणाने वाढवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. 1964 च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या काकीनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून त्यांनी ते तपासून पाहिले. पुढे अहमदाबादला 1983 साली भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि 1988 साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. मॅक्लेलंड यांच्या विचाराचा वर्गातल्या शिकवणीवर मोठा ठसा उमटला. पाठ्यपुस्तकांत ‘उद्योजकाचे गुण’ हे प्रकरण आले, त्यात चिकाटी, आत्मविश्वास, जोखीम घेण्याची तयारी, नेतृत्व अशी यादी आली आणि विद्यार्थी मुलाखतीला जाताना तीच यादी खिशात घालून जाऊ लागला. ‘तुमच्या मते यशस्वी उद्योजकाच्या अंगी कोणते गुण असावेत?’ हा प्रश्न तिथून आला आहे. त्याचे उत्तर पुस्तकातच आहे. त्यासाठी एखाद्या कामात असलेल्या माणसाचा तास घ्यायची गरज नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सरस सरस्वती यांच्या संशोधनात मिळते. भारतात जन्मलेल्या या विदुषींनी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. त्यांनी 27 अनुभवी उद्योजक निवडले, पण त्यांना यशाचे रहस्य विचारले नाही. एका काल्पनिक उत्पादनाची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली, त्यातून व्यवसाय उभा करताना घ्यावे लागणारे निर्णय एकेक करून सांगितले आणि विचार करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगितले. ते सगळे बोलणे ध्वनिमुद्रित करून नंतर ओळीओळीने तपासले. त्यातून दिसले ते पाठ्यपुस्तकाला फारसे मानवणारे नव्हते. हे उद्योजक आधी ध्येय ठरवून मग साधने जमवत नव्हते. हाताशी काय आहे, ओळखी कुणाच्या आहेत आणि गेले तर किती गेलेले परवडेल, यावरून ते पुढचे पाऊल ठरवत होते. बाजारपेठेच्या सर्वेक्षणावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पहिले गिऱ्हाईक गाठून त्याच्याशी बोलण्यावर होता. हा सिद्धांत 2001 साली शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि आज जगभर शिकवला जातो. पदवीच्या विद्यार्थ्याने एवढे करावे अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण विचारण्याची पद्धत बदलली की उत्तराचा दर्जा बदलतो, हे त्याला दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

थेट ‘का’ विचारले की माणूस घडलेले सांगत नाही, घडलेल्याचा अर्थ सांगतो. बारुख फिशॉफ यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून त्याचे एक कारण स्पष्ट झाले. एखाद्या घटनेचा शेवट माहीत झाला की तो आधीपासूनच दिसत होता असे माणसाला वाटू लागते, आणि आपले पूर्वीचे अंदाजही तो त्या शेवटाला जुळतील असे आठवतो. वीस वर्षे टिकलेला कारखानदार ‘मला पहिल्यापासून खात्री होती’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला तसेच आठवत असते. पण त्या खात्रीच्या काळात त्याने नोकरी सोडली होती की रजा काढली होती, जागा विकत घेतली होती की भाड्याने, हे विचारले तर खरी गोष्ट हाती लागते. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत इथे उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांच्या अभ्यासातून ती तयार झाली. मत विचारू नये, एक विशिष्ट प्रसंग विचारावा: केव्हा घडला, समोर कोण होते, काय केले, त्याचे पुढे काय झाले.

नमुन्यादाखल एक अहवाल घेऊ. तो काल्पनिक आहे, पण असे अहवाल दरवर्षी गठ्ठ्याने येतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक छोटे मशीन शॉप आहे असे धरू. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग करून देणे हे तिथले काम. दोन सीएनसी, तीन जुनी लेथ मशीन आणि आठ कामगार. विद्यार्थिनीने विचारले, ‘व्यवसायात तुम्हाला कोणत्या अडचणी आल्या?’ उत्तर आले, ‘अडचणी येतच असतात. पण माणसाने खचून जायचं नसतं.’ पुढचा प्रश्न, ‘आर्थिक अडचणींवर तुम्ही कशी मात केली?’ उत्तर, ‘नियोजन आणि बचत.’ अहवालात यावर एक परिच्छेद झाला: उद्योजकाने अनेक संकटांवर जिद्दीने मात केली, त्यांचे आर्थिक नियोजन उत्तम आहे, तरुणांनी त्यांचा आदर्श घ्यावा.

यावर ‘सखोल हवे’ लिहून पान उलटता येते. किंवा शिक्षक असे लिहू शकतात: ‘अडचणी हा शब्द तुझा आहे, त्यांचा नाही. त्यांना एक महिना विचार. गेल्या वर्षी सगळ्यात वाईट महिना कोणता गेला? त्या महिन्याचे पगार कशातून दिले?’ हा शेरा घेऊन विद्यार्थिनी पुन्हा शिरोलीला गेली, तर तिला वेगळेच काही ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. ‘ऑगस्ट. मोठ्या पार्टीचं पेमेंट साठ दिवसांनी येणार म्हणून ठरलं होतं, आलं शंभराव्या दिवशी. पगार थांबवता येत नाहीत, पोरं दुसरीकडे जातात. लिलावात लाखाची भिशी उचलली, चौऱ्याण्णव हजार हातात आले.’ आता अहवालात माणूस आला, रक्कम आली आणि वाणिज्य शाखेचा विषयही आला. खेळत्या भांडवलाचे प्रकरण वर्गात शिकवताना जे आकडे फळ्यावर कोरडे वाटतात, ते इथे सहा हजारांच्या फटक्यात दिसतात.

इथे शिक्षकाचा दुसरा शेरा येतो, आणि तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा ठरतो. ‘हे सहा हजार म्हणजे पेमेंट उशिरा आल्याची किंमत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 पाहा. साठ दिवसांचा करार त्यात बसतो का?’ तो बसत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावेत, पण ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू नये, असे हा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय आयकर कायद्यात नंतर झालेल्या बदलामुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच ती वजावट मिळते. एवढे संरक्षण असताना मशीन शॉपच्या मालकाने व्याज का मागितले नाही, हा प्रश्न घेऊन मग एक फोन होतो. उत्तर एका ओळीचे असते: ‘नोटीस दिली तर पुढचं काम कोण देणार?’ उद्योजकतेच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही. कायदा आणि व्यवहार यांच्यामधली जागा विद्यार्थिनीने स्वतः शोधून काढली, आणि तिथवर तिला दोन शेऱ्यांनी नेले. गुणांच्या आकड्याने ते झाले नसते.

शेऱ्यांचा परिणाम नेमका काय होतो यावर शिक्षणशास्त्रात भरपूर काम झाले आहे, आणि ते शिक्षकांना फारसे सुखावणारे नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी 1996 साली आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. 607 परिणामांचे मोजमाप त्यात होते. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असे दिसले, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायामुळे कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले की असे होते, हा त्यांचा निष्कर्ष. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे दोन्ही शेरे विद्यार्थ्याबद्दल आहेत, मुलाखतीबद्दल नाहीत. रूथ बटलर यांनी 1988 साली इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, आणि काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांचे सुधारले नाही. गुण समोर असले की शेरा वाचला जात नाही. आपल्याकडे तर विद्यार्थी शेवटच्या पानावरचा आकडा पाहून फाइल मिटतो आणि शेजाऱ्याला किती मिळाले ते विचारायला जातो.

यातून निघणारा व्यवहार साधा आहे, पण महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तो बसवावा लागतो. मुलाखतीच्या प्रकल्पात शिक्षकाने तीन ठिकाणी हस्तक्षेप करावा: विद्यार्थी जाण्यापूर्वी प्रश्नांची यादी पाहावी, परतल्यावर आठवड्याभरात कच्ची टिपणे पाहावीत, आणि पहिल्या मसुद्यावर गुण न देता शेरे द्यावेत. अंतिम अहवालाला गुण आणि एखादे वाक्य पुरते. सगळी मेहनत शेवटच्या पानावर करण्याची आपली सवय उलटी फिरवली, की तेवढ्याच वेळात दुप्पट काम होते. प्रश्नांची यादी तपासायला दोन मिनिटे लागतात. ‘होय’ किंवा ‘नाही’ने संपणारे प्रश्न, एकातच तीन विचारणारे प्रश्न, उत्तर स्वतःच पुरवणारे प्रश्न (‘कुटुंबाचा पाठिंबा महत्त्वाचा असतो ना?’) आणि संकेतस्थळावर उत्तर मिळेल असे प्रश्न तिथेच खोडता येतात.

शेवटचा प्रकार फार आढळतो. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात महिलांनी, 80 रुपये उसने घेऊन सुरू केला, ही माहिती जगजाहीर आहे. एखाद्या शाखेच्या संचालिकेशी बोलण्याची संधी मिळाली आणि विद्यार्थ्याने ‘संस्थेची स्थापना कधी झाली?’ हे विचारण्यात दहा मिनिटे घालवली, तर त्या संधीचे मोल त्याला कळले नाही असेच म्हणावे लागते. पीठ वाटप सकाळी किती वाजता होते, पापड वाळवायला घरात जागा नसलेल्या बाईचे काय करतात, पावसाळ्यात माल कमी पडतो तेव्हा ऑर्डर कशी सांभाळतात, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. ‘ही माहिती पुस्तकात आहे, तुझ्या मुलाखतीतच असेल असे काय?’ हा शेरा अशा अहवालावर वारंवार लिहावा लागतो.

आकड्यांबाबत शेरे काटेकोर असावेत. विद्यार्थी सर्रास ‘हा एक लघुउद्योग आहे’ असे लिहितात. त्यांच्या मनात लघु म्हणजे लहान. सरकारी व्याख्या मात्र यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल यांवर ठरते. 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा वाढली आहे. अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंतचा लघु, आणि सव्वाशे कोटी व पाचशे कोटींपर्यंतचा मध्यम. म्हणजे शिरोलीचे ते मशीन शॉप, नाक्यावरची पिठाची गिरणी आणि गावातली बेकरी हे सगळे बहुधा सूक्ष्म उद्योगच. ‘उद्यम नोंदणी पाहिलीस का?’ एवढा शेरा विद्यार्थ्याला कागदपत्रांकडे वळवतो. तसेच उलाढाल आणि नफा यांची गल्लत. ‘महिन्याला पाच लाख कमावतात’ असे वाक्य अहवालात आले तर ते पाच लाख गल्ल्यातले की खर्च वजा जाता उरलेले, हे विचारलेच पाहिजे. मालक स्वतःचा आणि घरच्यांचा पगार खर्चात धरतो का, हाही प्रश्न आहे. घरच्या धंद्यात बहुतेकदा धरत नाही, आणि त्यामुळे नफा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. हे लक्षात आणून देणे शिक्षकाचे काम. त्यात विद्यार्थ्याला कमी लेखण्यासारखे काही नाही.

महिला उद्योजकांच्या मुलाखतींत एक प्रश्न हमखास येतो: ‘घर आणि व्यवसाय यांचा मेळ कसा घालता?’ पुरुष कारखानदाराला तो कुणी विचारत नाही. प्रश्न खोडून टाकण्यापेक्षा शिक्षकाने तो दोघांनाही विचारायला सांगावा. उत्तरे शेजारी ठेवली की विद्यार्थ्याला न सांगता बरेच कळते. त्याहून उपयोगी शेरा मालकीबद्दलचा आहे. परवाना कुणाच्या नावावर, बँकेचे खाते कोण चालवते, कच्च्या मालाचा दर कोण ठरवते? बचत गटातून उभ्या राहिलेल्या मसाला किंवा चटणी उद्योगात ही उत्तरे एकाच दिशेची असतीलच असे नाही. नाव बाईचे आणि व्यवहार नवऱ्याचा, हे चित्र जसे दिसते तसे दुकान नवऱ्याच्या नावावर आणि सगळा कारभार बाईच्या हाती, हेही दिसते. ‘महिला सक्षमीकरणाचे उत्तम उदाहरण’ हा विद्यार्थ्यांचा लाडका समारोप या दोन्हींपैकी कशालाच लागू पडत नाही.

कुणाला गाठायचे, यावरही शेरा हवा. जवळजवळ प्रत्येक अहवाल चालू आणि भरभराटीतल्या व्यवसायाबद्दल असतो, कारण पाटी त्यांचीच लागलेली असते. ज्यांनी तीच मेहनत केली, तेवढेच कर्ज काढले आणि तीन वर्षांत शटर ओढले, ते प्रकल्पात येत नाहीत. परिणामी वर्गातल्या साठ अहवालांवरून ‘चिकाटी असली की यश मिळते’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो तपासायची सोयच राहत नाही. बंद पडलेल्या व्यवसायाच्या मालकाशी बोलणे अवघड असते. तो बोलायला तयार होईलच असे नाही. पण वर्गात चार-पाच विद्यार्थ्यांनी तरी हा प्रयत्न करावा असे शिक्षकाने ठरवले, तर उरलेल्या अहवालांकडे पाहण्याची सगळ्यांची नजर बदलते. अशा मुलाखतीला जाणाऱ्याला मात्र वेगळी सूचना द्यावी लागते: ‘तुमचं काय चुकलं?’ असे विचारू नये. शेवटचे सहा महिने क्रमाने कसे गेले ते विचारावे.

अहवालाच्या भाषेवरचे शेरे शुद्धलेखनापुरते राहतात, ही एक खंत आहे. उद्योजक बोलतो ती भाषा जिवंत असते. तो ‘पार्टी’ म्हणतो, ‘माल पडून आहे’ म्हणतो, ‘रोटेशन बसत नाही’ म्हणतो. विद्यार्थी घरी येऊन ते ‘विपणनविषयक समस्यांना सामोरे जावे लागले’ असे करून ठेवतो, आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा असेल तर उरलेला रसही निघून जातो. शिक्षकाने शब्दशः उद्गार आणि विद्यार्थ्याचे विवेचन यांची सीमा स्पष्ट मागावी. अवतरणचिन्हांत असेल ते माणसाने उच्चारलेले असावे. बाकीचे विद्यार्थ्याने आपल्या जबाबदारीवर लिहावे. हे शिस्तीचे काम आहे, आणि पत्रकारितेपासून संशोधनापर्यंत कुठेही ते उपयोगी पडते. अंतिम अहवाल इंग्रजीत असला तरी मूळ टिपणे मराठीत, हिंदीत किंवा कोकणीत, जशी बोलली गेली तशीच, जोडायला सांगावीत.

समोरच्या माणसाच्या संमतीचा मुद्दा आपल्याकडे फार हलका घेतला जातो. कर्जाचा आकडा, भागीदाराशी झालेले भांडण, कामगारांचा पगार, कुणाचे पैसे थकले आहेत, हे सगळे मोकळेपणाने सांगणाऱ्या माणसाला आपला अहवाल चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाणार आहे याची कल्पना नसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संसदेत मंजूर झाला. पण कायद्याच्या आधी साधी रीत येते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी विचारावे, कोणता भाग लिहू नये ते विचारावे, आणि थकबाकीदार पार्टीचे नाव मालकाने घेतले तरी अहवालात घेऊ नये. एखाद्या अहवालात अशी नावे दिसली तर शिक्षकाने गुणांचा विचार बाजूला ठेवून तो भाग आधी काढायला लावावा.

अलीकडे एक नवी अडचण आली आहे. मुलाखत न घेताच अहवाल तयार होतो. पूर्वी वरच्या वर्गातल्या मुलाचा जुना अहवाल नाव बदलून फिरवला जाई. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सांगितले की दहा मिनिटांत उद्योजकही तयार होतो आणि त्याची जीवनकथाही. असे अहवाल भाषेत सफाईदार असतात आणि म्हणूनच संशयास्पद वाटतात. त्यांतल्या उद्योजकाला कधी सर्दी होत नाही, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळत नाही, त्याचा भाऊ हिशेबावरून रुसत नाही. पकडापकडीत वेळ घालवण्यापेक्षा प्रकल्पाची रचना अशी करावी की बनावट काम जास्त कष्टाचे होईल. कच्ची टिपणे, जाण्या-येण्याची तारीख, संमती असल्यास दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण, आणि वायव्हात एक प्रश्न: ‘तुला अपेक्षित नव्हते असे ते काय बोलले?’ ज्याने मुलाखत घेतली आहे तो यावर थांबत नाही. आणि आधी सांगितलेले दोन-तीन टप्प्यांचे शेरे असतील, तर बनावट उद्योजकाकडे परत परत जाऊन नवे आकडे आणणे कुणालाही परवडत नाही.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. एका विभागात सव्वाशे विद्यार्थी, तासिका तत्त्वावरची नेमणूक, त्यावर परीक्षेची कामे. प्रत्येकाला तीनदा लेखी शेरे देणे अनेकांना शक्य नाही. त्यावर वाट आहे. पहिल्या पंधरा-वीस मसुद्यांतच नेहमीच्या चुका दिसून येतात. त्या वर्गात एकत्र सांगितल्या की उरलेल्या शंभर जणांचे काम हलके होते. एक चांगला आणि एक फसलेला प्रश्न, नावे काढून, फळ्यावर लिहावा आणि वर्गालाच सुधारायला सांगावे. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे मसुदे वाचून समासात फक्त प्रश्न लिहावेत, मत लिहू नये. ‘इथे मला अजून काय कळायला हवे होते?’ या एका सूचनेवर पहिल्या वर्षाची मुलेही चांगले काम करतात. शिक्षकाचा स्वतःचा लेखी शेरा मग प्रत्येकासाठी दोन वाक्यांचा पुरतो: एक, अहवालात मिळालेली सगळ्यात खरी गोष्ट कोणती ते दाखवणारे, दुसरे, परत जाऊन विचारायचा एकच प्रश्न देणारे. विद्यार्थी पाच सूचनांपैकी एकही पाळत नाही, पण एकच दिली तर बहुधा पाळतो.

गुण देताना विद्यापीठाच्या ठरीव तक्त्यात मांडणी, मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि निष्कर्ष यांना जागा असते. प्रश्नांच्या दर्जाला बहुधा नसते. अभ्यास मंडळांनी त्यात दोनच रकाने वाढवावेत: पहिल्या भेटीनंतर विद्यार्थी परत गेला का, आणि परत जाऊन त्याने कोणती माहिती नवी आणली. त्याबरोबर मसुदा जमा करण्याची तारीख अंतिम सबमिशनच्या किमान तीन आठवडे आधी ठेवावी आणि पूर्ण झालेल्या अहवालाची एक प्रत ज्या उद्योजकाने वेळ दिला त्याच्या हाती पोचवणे सक्तीचे करावे. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त मंडळाच्या बैठकीत विषय मांडावा लागतो. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्यापूर्वी विभागप्रमुखांनी तो मांडावा.